पाठीचा बाक आणि पहिले सहा महिने

आपल्या मुलीचा कणा बाजूला वाकल्याचे (स्कोलिओसिस) कळून आणि एक्स-रेवर त्या बाकाचा कोन २८ अंश लिहिलेला पाहून आपण हादरलात, हे मी समजू शकतो. माझ्या मुलीने तीन वर्षे ब्रेस, म्हणजे धडाभोवती घालायचा कडक पट्टा, वापरला आहे.

प्रथम बाकाचा प्रकार विचारून घ्या. मणक्यांची घडण जन्मतःच सदोष असणे, स्नायू वा मज्जातंतूंच्या आजारामुळे बाक येणे आणि कोणतेही कारण न सापडणे, असे तीन मुख्य प्रकार असून दहा वर्षांपुढील मुलींमध्ये बहुधा तिसराच आढळतो. दप्तराच्या ओझ्याने किंवा वाकून बसण्याने तो होत नाही, तेव्हा मुलीला आणि स्वतःलाही बोल लावू नका.

दुसरा प्रश्न, वाढ किती शिल्लक आहे? वाढ बाकी असताना साधारण २५ अंशांपर्यंत दर चार-सहा महिन्यांनी तपासणी, २५ ते ४० मध्ये ब्रेस आणि ४५-५० च्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार, असा ढोबळ क्रम असतो. ब्रेस बाक पूर्ण सरळ करत नाही, बाक आणखी वाढू नये म्हणून तो असतो. ही अपेक्षा आधीच स्पष्ट असावी.

सुरुवातीच्या चुका ठरलेल्या:

- मालिशवाल्याकडे महिने घालवणे.
- ब्रेस फक्त रात्री लावणे, डॉक्टरांनी अठरा तास सांगितले असताना.
- आतला सुती बनियन सैल ठेवणे. चुणी पडली की कमरेवर लाल वळ उठतो आणि मूल ब्रेस टाळू लागते. आम्ही बनियन उलटा घालत असू, म्हणजे शिवण बाहेर राहते.

शस्त्रक्रियेचे व्हिडिओ तूर्त पाहू नका. पुढच्या भेटीला जुना एक्स-रे मात्र अवश्य न्या.