पुरुष बायकांपेक्षा उंच का असतात? मापवहीतलं उत्तर

तुम्ही विचारलंय की पुरुष बायकांपेक्षा उंच का असतात, आदिमानव शिकारीला जायचा म्हणून तसं झालं हे खरं का, आणि तसं असेल तर सातवीतला तुमचा मुलगा वर्गातल्या बहुतेक मुलींपेक्षा बुटका कसा.

मी डॉक्टर नाही. झूलॉजी घेऊन बीएस्सी केलं आणि लालबागला वडिलांच्या शिवणाच्या दुकानात बसले, ती अजून तिथेच आहे. आमचं काम शाळेच्या गणवेशांचं. निकाल लागल्यापासून जूनच्या मध्यापर्यंत टेप गळ्यातून उतरत नाही. या विषयातलं मला कॉलेजात जेवढं कळलं, त्याहून जास्त आमच्या मापवहीनं शिकवलं. म्हणून सुरुवात तिथून करते.

आमच्या गल्लीत जुळी भावंडं आहेत, बहीण आणि भाऊ. पाचवी ते दहावी दोघांचे गणवेश आम्हीच शिवले. पाचवीला दोघांची उंची जवळपास सारखी. सहावीच्या दिवाळीत आई मुलीचा ट्युनिक घेऊन आली, 'खालून उसवून द्या, गुडघ्याच्या वर गेलाय.' सातवीला ती भावापेक्षा चांगली दोन इंच उंच. उफाड्याची आहे म्हणून आजी कौतुक करायची, आणि तो माप देताना तिच्या शेजारी उभाच राहायचा नाही. आठवीपासून त्यांच्या शाळेत मुलांना फुल पँट. जूनमध्ये बुटावर टेकणारी ती पँट डिसेंबरात घोट्यावर आली. नववीला त्यानं बहिणीला गाठलं आणि दहावीला तो चार इंच पुढे गेला. तिच्या पानावर मात्र आठवीनंतर जेमतेम एका इंचाची भर. दहावीला तिच्यासाठी नवं माप घेतलंच नाही, मागचंच कापलं.

तो फार वाढला असं सगळे म्हणतात. वही म्हणते, ती आधी थांबली.

या एका जोडीवर विसंबू नका. जागतिक आरोग्य संघटनेचे वाढीचे तक्ते हेच सांगतात. जन्मतः मुलगा मुलीपेक्षा सरासरी एक सेंटिमीटरसुद्धा लांब नसतो. बाराव्या वर्षी मुलगी १५१ सेंटिमीटर आणि मुलगा १४९. एकोणिसाव्या वर्षी मुलगा १७६.५, मुलगी १६३. (हे चांगल्या पोसलेल्या मुलांचे आकडे. आपल्याकडची सरासरी याच्या खालीच.) म्हणजे तेरा सेंटिमीटरचा सगळा फरक बाराव्या वर्षानंतरच्या थोड्या वर्षांत पडतो.

मुली मुलांपेक्षा साधारण दोन वर्षं आधी वयात येतात, तेव्हा त्यांची झेपही, म्हणजे उंची भराभर वाढण्याचा काळ, दोन वर्षं आधी सुरू होते आणि आधीच संपते. मुलगा त्या दोन वर्षांत संथपणे, वर्षाला पाचेक सेंटिमीटरनं, वाढत राहतो. झेप सुरू होण्याआधीच त्याच्या गाठीला दहाएक सेंटिमीटर जमा. वर त्याची झेप थोडी मोठी असते, तिथून उरलेले दोनतीन सेंटिमीटर. झेपेआधीच्या वर्षांत धडापेक्षा पाय जास्त वाढतात, त्यामुळे पुरुषांचे पाय उंचीच्या मानानेही किंचित लांब निघतात. झेपेतही आधी पावलं, मग पाय, शेवटी धड. आमच्याकडे आई लोक आधी 'बूट होत नाहीत' सांगत येतात, मग पँटसाठी, आणि शर्टाची तक्रार सगळ्यात उशिरा.

आता थांबणं म्हणजे नेमकं काय? शिवणकामात शिवणीच्या आत जादा कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. 'वाढत्या अंगाचं शिवा' म्हटलं की आम्ही पँटच्या तळाला दोनतीन इंच माया दुमडून ठेवतो. लांब हाडांच्या टोकांशीही अशीच माया असते. कूर्चेची पातळ पट्टी, तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. तिथल्या पेशी एकीवर एक चळत रचत जातात, चळतीचा जुना थर हाड बनतो, आणि हाड लांबत जातं. एके दिवशी ती सगळी पट्टीच हाड होऊन जाते. मग उसवायला काही उरत नाही.

ही पट्टी बंद करतं इस्ट्रोजेन. बायकांचं संप्रेरक म्हणून आपण ते ओळखतो, पण मुलांच्या हाडांतही कुलूप लावतं ते तेच. मुलाच्या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि पुढचं काम तो करतो. हे लख्ख कळलं १९९४ साली, अमेरिकेतल्या एका माणसामुळे. वय २८, उंची २०४ सेंटिमीटर, म्हणजे सहा फूट आठ इंच, आणि तरी पँट आखूडच होत चाललेली. टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित होतं, पण इस्ट्रोजेनचा निरोप घेणारा रिसेप्टरच जन्मजात बिघडलेला. हाडं पंधरा वर्षांच्या मुलासारखी, पट्ट्या उघड्या. मिसरूड फुटलं, आवाज फुटला, मर्दानी सगळं झालं, फक्त थांबा म्हणणारं कुणी नव्हतं. कॉलेजात हे ऐकलं तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो त्याच्या शिंप्याचा.

मुलींत इस्ट्रोजेन लवकर आणि भरपूर येतं. आधी ते वाढीला जोर देतं, तीच सहावीतली झेप, आणि मग तेच दार लावतं. दुकानात टेप लावताना कितीतरी आया माझ्या कानाशी येतात, 'हिची पाळी सुरू झाली हो, आता उंची थांबली ना?' लगेच थांबत नाही. पाळीनंतरही मुली सरासरी पाचसात सेंटिमीटर वाढतात, वेग मात्र उतरलेला असतो. तेव्हा तळाला माया ठेवायचीच, फक्त थोडी कमी.

ही पट्टी एक्स-रेत दिसते. अंडर-१६ क्रिकेटमध्ये वयाची लबाडी पकडायला बीसीसीआय मुलांच्या मनगटाची हाडं बघतं, ते याच जोरावर. आमचं एक गिऱ्हाईक त्या फिल्मकडे बघून म्हणालं होतं, 'काकी, अजून उघडं आहे, पँट लांब ठेवा.'

गुणसूत्रांचाही हात आहे. शॉक्स नावाचं उंचीचं एक जनुक एक्सवरही असतं आणि वायवरही. बायकांत दुसरा एक्स बराचसा मिटलेला असतो, त्याच्या टोकाशी असलेलं हे जनुकही थोडं दबून काम करतं. पुरुषाच्या वायवरचं मात्र पूर्ण जोरात चालतं. २०२५ साली ज्यांच्यात एक्स किंवा वाय कमीजास्त आहेत अशा लोकांच्या उंच्या तपासल्या, तेव्हा या एका गोष्टीनं स्त्री-पुरुषांतल्या फरकाचा चौथ्या हिश्शाहून जरा कमी भाग भरून निघाला.

मुलींच्या ताटात कमी वाढतात म्हणून त्या अंगानं कमी वाढतात, असं म्हणणारेही भेटतात. राग येण्यासारखी गोष्ट आहे आणि काही घरांत खरीही आहे, पण या फरकाचं ते मूळ नव्हे. १९९६ साली जन्मलेला भारतीय पुरुष सरासरी १६५ सेंटिमीटर, बाई सुमारे १५३. नेदरलँड्समध्ये पुरुष १८२.५, बाई साधारण १६९. ताटाचाच दोष असता तर तिकडे अंतर मिटायला हवं होतं, ते उलट किंचित जास्त आहे. ताटानं दोघांचीही उंची एकदम वर सरकते. डच बाई सरासरी भारतीय पुरुषापेक्षा चार सेंटिमीटर उंच आहे, ती त्यामुळेच. (गावसकर आणि तेंडुलकर दोघेही पाच फूट पाच इंचांच्या आसपासचे, म्हणजे आपल्या सरासरीतलेच. मुलाला सांगून ठेवा.)

राहिली शिकार. गोरिला शिकार करत नाही, पाला खातो. तरी नर मादीच्या जवळपास दुप्पट वजनाचा. तिथे एक नर अनेक माद्यांवर हक्क सांगतो आणि त्यासाठी दुसऱ्या नरांना अंगावर घेतो. जोडीनं राहणाऱ्या गिबनांत नर-मादी जवळपास सारखेच. नरानरांत जिथे जुंपते तिथे नर मोठा होतो, असा हा हिशेब. माणसाचा उंचीतला सात-आठ टक्क्यांचा फरक गोरिलापेक्षा गिबनाला जवळचा. आपल्या पूर्वजांत मारामारी होती, पण बेताची, असा मी त्याचा अर्थ लावते. आणि नरच मोठा हा काही निसर्गाचा नियम नाही. पावसाळा सरताना बोरिवलीच्या नॅशनल पार्कात जा. जायंट वूड स्पायडरच्या जाळ्यात मधोमध पाय पसरून तळहाताएवढी मादी बसलेली असते. नर शोधायला आम्हाला कॉलेजच्या सहलीत पंधरा मिनिटं लागली. जाळ्याच्या कडेला, तांदळाच्या दाण्याएवढा.

तुमच्या मुलाची झेप बहुधा अजून यायची आहे. त्याचे बूट एकाएकी होईनासे झाले की समजा, आली. आठवीची फुल पँट शिवायला टाकाल तेव्हा तळाला तीन इंच माया ठेवायला सांगा. दोन इंच पुरतील असं शिंपी म्हणेल, ऐकू नका. आणि कापड आधी भिजवून घ्यायला लावा, नाहीतर एक इंच पहिल्या धुण्यातच जातो.