पहिला टर्बो निवडताना

भावा, टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. तो एकच (सिंगल) घ्यायचा की दोन (ट्विन) हे नंतर. गाडी रोज कुठल्या आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) चालते ते आधी बघ. सात रस्त्याच्या गर्दीत इंजिन अडीच हजारांच्या वर जातच नाही. तिथं मोठा सिंगल टर्बो नुसता झोपून राहतो; बूस्ट, म्हणजे हवेचा जादा दाब, येईपर्यंत पुढचा सिग्नल लागतो.

चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाला मध्यम मापाचा ट्विन-स्क्रोल (दोन वाटांचा एकच टर्बो) घे, माझं सरळ मत. त्यात १-४ आणि २-३ सिलिंडरचा एक्झॉस्ट वेगवेगळ्या वाटेनं टर्बाइनवर (टर्बोच्या चाकावर) येतो, एकमेकांना अडवत नाही, म्हणून बूस्ट लवकर मिळतो. मॅनिफोल्डही (सिलिंडरमधला एक्झॉस्ट गोळा करणारा नळ्यांचा भाग) तसाच विभागलेला हवा, नाहीतर पैसे पाण्यात. दोन टर्बो व्ही-६, व्ही-८ ला (सिलिंडरच्या दोन रांगा असलेल्या इंजिनांना) शोभतात, प्रत्येक बाजूला एक. जुन्या टोयोटा सुप्रातली सिक्वेन्शियल (आधी एक टर्बो, मग दुसरा) जोडणी भारीच, पण तिच्या व्हॅक्यूम नळ्यांचं जंजाळ बघून मेकॅनिक हात जोडतो. व्हीजीटी, म्हणजे आतली पाती हलवून एक्झॉस्टची वाट लहान-मोठी करणारा टर्बो, डिझेलला सर्रास. पेट्रोलचा एक्झॉस्ट जास्त तापतो, म्हणून तिथं महागात पडतो.

नवखे हमखास फसतात ते इथं:

- टर्बो मोठा, इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा थंड करणारा) छोटा. आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. आत गरम हवा गेली की नॉकिंग (इंधन अवेळी पेटून ठोके बसणं), मग पिस्टनचं काही खरं नाही.
- ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) ट्यून न करताच बूस्ट वाढवणं.
- ऑइलच्या रिटर्न नळीला उतार न ठेवणं. ऑइल तुंबतं, सीलमधून झिरपतं, मागून निळा धूर.

पैसे द्यायच्या आधी इंजिनाचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाब नीट बनतो का) तपास, आरटीओचं विचारून घे. कॉम्प्रेसर मॅपच्या (टर्बो किती हवा, किती दाबानं देतो त्याचा आलेख) भानगडीत आत्ता पडू नकोस.