दर वेळी मोठ्यानेच का सोडायचं?

‘मावशी, मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ६ वर्षांची. दिवसभर भांडणं. रिमोट, शेवटचा लाडू, आंब्याची कोय, कारण काहीही पुरतं. मी मोठ्याला समजावते, तो ऐकतोही. पण हल्ली तो तिच्याशी धड बोलत नाही. यांना तडजोड शिकवू कशी?’
– एक आई, डोंबिवली

अगं, ‘तो ऐकतोही’ हे मी दोनदा वाचलं. तुझ्या घरी एकजण दर वेळी सोडतो आणि दुसरीला कळून चुकलंय की भोकाड पसरलं की वस्तू मिळते. याला तडजोड कोण म्हणेल? ‘तू मोठा आहेस ना’ हे महिनाभर तोंडातून काढूच नकोस. मीही थोरली. त्या वाक्याचा राग मला साठी उलटली तरी येतो.

‘आधी कोणी मारलं?’ हेही विचारू नकोस. दोघं लगेच वकील होतात आणि तुझ्या हातून संन्याशाला फाशी जाते. हातघाईवर आले तर वेगळं कर, राग ओसरू दे. एरवी एवढंच म्हण, “दोघांना चालेल असं ठरवा, तोवर रिमोट माझ्याकडे.” पहिल्या दिवशी काही ठरणार नाही. मग टीव्ही बंद, तूही शांत.

आमच्याकडे नातवंडांनी रिमोटच्या तारखा वाटून घेतल्या. विषम थोरलीच्या, सम धाकट्याच्या. सगळं सुरळीत चाललं, ३१ तारीख येईपर्यंत! ३१ नंतर लगेच १, म्हणजे थोरलीला लागोपाठ दोन दिवस, तेही वर्षातून सात वेळा. धाकटा बरोबर हिशेब घेऊन आला. तासभर घासाघीस झाली आणि ठरलं, ३१ तारीख आजीची. त्या दिवशी मी निवांत मालिका बघते. तू ही मेख आधी सांगू नकोस हं, त्यांची त्यांना सापडू दे. धाकटीला सम-विषम शिकवायचं काम मात्र थोरल्याकडे दे.

आणि त्याला एकट्याला घेऊन भाजी आणायला जात जा. बहिणीचा विषय तू काढू नकोस. त्याने काढलाच तर ऐक, तिची बाजू मांडू नकोस.

लाडवाचं सोपं आहे, एकाने अर्धा करायचा, दुसऱ्याने आधी उचलायचा. करणारा बघ कसा डोळ्यात तेल घालून करतो! कोय काही अर्धी होत नाही. तिथे सरळ दोन आंबे चीर.