ऑफिसची लीज, सबस्क्रिप्शन की स्वतःच्या नावावर? सात सीटर घेण्याआधीचा मुंबईतला हिशोब

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: घरात सहा माणसं, तुम्ही दोघं, आई-बाबा आणि दोन मुलं. कांदिवलीत फ्लॅट, सोसायटीत एकच पार्किंग, तेही स्टॅकमधलं, म्हणजे यंत्राने एकावर एक गाड्या ठेवतात तसलं. दोघंही ऑफिसला लोकलने जाता. गाडी लागते ती सुट्टीच्या दिवशी, आई-बाबांना डॉक्टरकडे न्यायला आणि गणपतीला, मे महिन्यात रत्नागिरीला. जुनी हॅचबॅक काढून सात सीटर घ्यायची आहे. एचआरने कार लीजचा फॉर्म दिलाय, मोबाइलवर सबस्क्रिप्शनच्या, म्हणजे महिन्याच्या भाड्याने गाडी देणाऱ्या योजनांच्या, जाहिराती येतायत आणि बाबांचं म्हणणं, दुसऱ्याच्या नावावरची गाडी ती आपली कसली.

मी पगारपत्रकांचं काम करतो, लीजच्या फायली रोज हातात असतात. माझं मत बाबांच्या बाजूने आहे, पण कारण वेगळं आहे.

आधी लीज, कारण मोह तिथेच आहे. ऑफिसच्या लीजमध्ये लीज कंपनी गाडी घेते, तुमची कंपनी तिला महिन्याचं भाडं देते आणि ते भाडं तुमच्या पगारातून कर लागण्याआधीच कापलं जातं. समजा भाडं 30,000 आहे आणि तुम्ही 30 टक्क्यांच्या टप्प्यात आहात. सेस धरून 31.2 टक्के, म्हणजे महिन्याला 9,360 रुपये कर वाचला असं एचआरच्या एक्सेल शीटमध्ये दिसतं. त्याबदल्यात गाडीची सोय म्हणून एक छोटी ठरावीक रक्कम तुमच्या उत्पन्नात धरली जाते, 1.6 लीटरपर्यंतच्या इंजिनाला कमी, त्यावर जास्त. एवढं वाचून कोणीही लगेच सही करेल.

पण ती छोटी ठरावीक रक्कम कधी धरतात? गाडी काही ऑफिसच्या कामाला आणि काही घरच्या कामाला वापरली जाते तेव्हा. निव्वळ घरगुती वापराच्या गाडीला ती सवलत नाही. तिथे तुमच्या कंपनीने केलेला प्रत्यक्ष खर्च तुमचं उत्पन्न म्हणून करपात्र होतो. तुम्ही स्वतःच लिहिलंय की ऑफिसला लोकलने जातो. मग ऑफिसचा वापर कुठे आहे? बरेच जण डोळे मिटून ऑफिसच्या वापराचं डिक्लेरेशन देतात हे मला माहीत आहे. मी ते द्यायला सांगणार नाही. तुम्ही फिरतीवर असता, क्लायंटकडे रोज भिवंडी-तळोजा करत असता, तर माझं उत्तर उलटं असतं. तेव्हा मी लीजच घ्या म्हटलं असतं.

दुसरी गोष्ट भाड्याच्या आत दडलेली असते. महाराष्ट्रात कंपनीच्या नावावर पेट्रोल गाडी पास केली तर वाहन कर 20 टक्के. वैयक्तिक नावावर 10 लाखांपर्यंत 11, 10 ते 20 लाखांत 12 आणि त्यावर 13 टक्के. म्हणजे 12 लाखांच्या गाडीला तुमच्या नावावर 1.44 लाख, कंपनीच्या नावावर 2.4 लाख. हा फरक कोणी खिशातून भरत नाही, भाड्यातच पसरवतात. शिवाय भाड्यावर जीएसटी. म्हणून नुसतं ‘कर किती वाचतो’ असं विचारू नका. सगळ्या महिन्यांचं भाडं अधिक शेवटी गाडी ठेवायची तर द्यायची किंमत, ही बेरीज लेखी मागा.

तिसरी गोष्ट नोकरी बदलण्याची. मधेच राजीनामा दिलात तर नवीन कंपनीने लीज पुढे चालवावी लागते, नाहीतर मुदतीआधी बंद करण्याचे पैसे फुल अँड फायनलमधून, म्हणजे नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशोबातून जातात. राजीनाम्याच्या महिन्यात हा आकडा बघून चेहरे उतरलेले मी पाहिलेत.

आणि एक गोष्ट शोरूमवाला सांगत नाही, एचआर तर नाहीच: नो क्लेम बोनस. जुन्या हॅचबॅकवर सलग पाच वर्षं क्लेम केला नसेल तर ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या, प्रीमियमवर 50 टक्के सूट तुमची आहे. ती सूट गाडीची नसते, मालकाची असते. जुनी गाडी विकताना विमा कंपनीकडून तसं पत्र घ्या, ते तीन वर्षं चालतं. नवीन गाडी तुमच्या नावावर असेल तर पहिल्याच पॉलिसीत ती सूट मिळते. लीजच्या गाडीचा विमा तुमच्या नावावर नसतो, त्यामुळे इतक्या वर्षांचा बोनस पडून राहतो आणि लीज संपेपर्यंत बहुधा मरतो.

सबस्क्रिप्शनबद्दल फार लिहीत नाही. डिपॉझिट भरा, महिन्याचे पैसे द्या. विमा, सर्व्हिसिंग त्यांचं. ज्याची बदली दोन वर्षांत बंगळुरूला होणार आहे त्याला हे बरं. तुमचं घर कांदिवलीत, मुलं इथल्या शाळेत, तुम्ही कुठे जाणार? करारात किलोमीटरची मर्यादा असते, ती तुम्हाला नडणार नाही. उलट न वापरलेल्या किलोमीटरचेही पैसे जातील. गाडी परत करताना ओरखडे मोजतात. मुंबईत वर्षभर फिरून बंपर कोरा राहिलेली गाडी मी तरी पाहिलेली नाही, रिक्षावाले ती काळजी घेतात. नंबर प्लेटचंही विचारून घ्या: काही योजनांत खासगी गाडीसारखी पांढरी मिळते, काहींत भाड्याच्या गाडीची, काळ्यावर पिवळी अक्षरं.

मग विकत. 10 लाख कर्ज, 9 टक्के, पाच वर्षं धरली तर हप्ता साधारण 20,760 आणि एकूण व्याज सुमारे 2.45 लाख. शोरूमवाला सात वर्षांचं दाखवेल, कारण हप्ता 16,090 वर येतो. व्याज मात्र 3.5 लाखांवर जातं. पाचच्या पुढे जाऊ नका. हप्ता झेपत नसेल तर गाडी एक पायरी खाली घ्या. एक्स-शोरूम किंमत 10 लाखांच्या वर गेली की 1 टक्का टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आधीच गोळा केलेला आयकर, घेतात, तो रिटर्न भरताना वळता होतो, त्यावर भांडू नका. भांडायचं ते ‘हँडलिंग चार्जेस’वर. आणि विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नसते, बाहेरचं कोटेशन नेऊन टेबलावर ठेवा.

आता गाडी कोणती, आणि इथे मी पार्किंगपासून सुरुवात करेन. तुमच्या स्टॅकवर कुठेतरी पाटी असेल: लांबी, उंची, वजन. तिचा फोटो काढा. नसेल तर सेक्रेटरीकडून स्टॅक बसवणाऱ्याचा कागद मागा. एर्टिगा सुमारे 4.4 मीटर लांब आहे, कॅरेन्स 4.54, इनोव्हा हायक्रॉस 4.75. जुनी हॅचबॅक आरामात जात होती म्हणून हीही जाईल असं धरू नका. टेस्ट ड्राइव्हची गाडी घरी बोलवा आणि सोसायटीच्या वॉचमनसमोर एकदा स्टॅकच्या पॅलेटवर, म्हणजे गाडी उभी राहते त्या फळीवर, चढवून बघा. मे 2025 मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी पार्किंगचा पुरावा नसेल तर गाडीची नोंदणी होणार नाही, अशी घोषणा केली होती. सोसायटीचं पार्किंगचं पत्र फाइलला लावून ठेवलेलं बरं.

त्या टेस्ट ड्राइव्हला आई-बाबांना बसवा. शोरूममध्ये सगळे ड्रायव्हरच्या सीटवर बसतात आणि तिसऱ्या रांगेत कोणीच जात नाही. तुमच्याकडे मधली रांग आई-बाबांची, मागची मुलांची. बाबांचे गुडघे दुखत असतील तर उंच एसयूव्हीत चढणं आणि खाली उतरणं हाच रोजचा त्रास होतो. मुलं तिसऱ्या रांगेत असतील तर मागे सामान काय राहतं तेही बघा: एर्टिगात 209 लीटर, ट्रायबरमध्ये 84. रत्नागिरीहून येताना आंब्याच्या पेट्या कुठे ठेवणार? कॅरिअर लावावं लागेल, आणि मग स्टॅकच्या उंचीचा प्रश्न परत उभा राहतो, म्हणून काढता येणारंच घ्या. एर्टिगाची सीएनजी टाकी बरोबर त्याच सामानाच्या जागेत बसते. तुमचं चालणं कमी आहे, सीएनजीच्या रांगेत उभं राहून वाचणार काय? पेट्रोल घ्या.

किमतीत एक गंमत झाली आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून 4 मीटरच्या आतल्या आणि 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला जीएसटी 18 टक्के आहे, त्यापेक्षा मोठीला 40. म्हणून 999 सीसीची ट्रायबर 18 मध्ये बसते आणि 1462 सीसीची एर्टिगा 40 मध्ये. ट्रायबर लांबीलाही 4 मीटरच्या आत आहे, स्टॅकला सोयीची. पण सहा माणसं, एसी चालू आणि घाट चढायचा असेल तर लीटरभराच्या इंजिनाकडून जास्त अपेक्षा ठेवता येत नाही. मी तुमच्या जागी असतो तर स्टॅकने परवानगी दिली की एर्टिगा किंवा कॅरेन्स, नाही दिली तर ट्रायबर, आणि कोकणात जाताना निवांत चाललो असतो.

इलेक्ट्रिकचं बघत असाल तर जीएसटी 5 टक्के आहे आणि अटल सेतूवर ऑगस्ट 2025 पासून टोल माफ. पण स्टॅकच्या पॅलेटवर चार्जर कसा लावणार, हे सोसायटीच्या मीटिंगमध्ये आधी ठरवून घ्या.

शेवटचं, बुकिंगच्या वेळेबद्दल. डिसेंबरमध्ये सूट मोठी मिळते कारण वर्ष बदलायच्या आत माल काढायचा असतो. तीन-चार वर्षांत विकणाऱ्याला ती महागात पडते, कारण पुढे गिऱ्हाईक निर्मितीचं वर्ष बघून भाव पाडतं. तुम्ही आठ-दहा वर्षं ठेवणार असाल तर खुशाल घ्या. फक्त पूर्ण पैसे भरण्याआधी यार्डात जाऊन चासी नंबर आणि निर्मितीचा महिना स्वतः बघा, आणि बिलावरही तोच नंबर आहे ना ते तपासा.