कमोड वरचा, छत तुमचं, खर्च कुणाचा?

प्रश्न: आमची सहकारी गृहनिर्माण संस्था महाराष्ट्रात, इमारत अठरा वर्षांची. वरच्या फ्लॅटच्या मालकांनी गेल्या वर्षी भारतीय पद्धतीचं भांडं काढून कमोड बसवला. दोन महिन्यांत आमच्या बाथरूमच्या छतावर पिवळा डाग उमटला आणि आता गीझरच्या शेजारीच थेंब पडतात. वर भाडेकरू आहेत; ते म्हणतात कमोडच्या बुडाशी थोडं पाणी येतं, पुसून घेतो. मालक दुसऱ्या गावी, फोन उचलत नाहीत. सचिव म्हणतात, हा तुम्हा दोघांचा आपसातला मामला. वैतागून मी चार महिने मेंटेनन्स भरलेला नाही. सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे अर्ज केला, काही झालं नाही. आमचा प्लंबर म्हणतो, खालूनच स्लॅबमध्ये केमिकल भरून टाकू. तसं करू का?

उत्तर: प्लंबरला आधी थांबवा. वरचं पाणी चालू ठेवून खालून स्लॅबमध्ये रसायन भरलं तर पाणी थांबत नाही, ते वाट बदलतं. आज बाथरूममध्ये असलेला डाग पुढच्या महिन्यात बेडरूमच्या भिंतीवर दिसेल. शिवाय तुमचा सगळ्यात बोलका साक्षीदार, म्हणजे ते छत, तुम्ही स्वतःच्या हाताने लिंपून टाकाल. गीझरचा स्विच मात्र आजच बंद करा आणि वायरमनकडून तपासून घ्या. त्यासाठी कुणाच्या परवानगीची वाट बघू नका.

या प्रकरणात कलमांच्या आधी एक साधा प्रश्न सोडवावा लागतो: पाणी नेमकं कुठून येतं? पैसे कुणी द्यायचे हे त्यावरच ठरतं. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे गृहनिर्माण संस्थांसाठी सहकार खात्याने केलेल्या नमुना नियमांनुसार, इमारतीची बाहेरची सामायिक पाण्याची लाइन, ड्रेनेजची लाइन आणि पावसाचं पाणी यांच्यामुळे होणारी गळती संस्थेने आपल्या खर्चाने दुरुस्त करायची असते. टॉयलेट, सिंक वगैरेंमुळे होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च मात्र त्या फ्लॅटधारकाचा, संस्थेशी विचारविनिमय करून. म्हणजे कमोडच्या बुडाचा सांधा गळत असेल तर वरचे मालक, आणि डक्टमधला, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या पोकळीतला उभा पाइप फुटला असेल तर संस्था. मधल्या मध्ये दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात, म्हणून हे आधी पक्कं करा.

भाडेकरू सहकार्य करताहेत, हे तुमचं नशीब. एखाद्या रविवारी सचिव किंवा समितीतला एक सदस्य सोबत घेऊन वर जा. फ्लशच्या टाकीत खाण्याचा लाल रंग टाका, पाच-सहा वेळा फ्लश करा, बाकी नळ बंद ठेवा. कमोडच्या कडेने लाल पाणी झिरपलं किंवा तुमच्या छतातून थोड्या वेळाने लालसर थेंब आला तर शंकेला जागा उरत नाही. रंग लगेच खाली उतरेलच असं नाही, कोब्यातून यायला कधी दिवस लागतो. म्हणून खाली बादली ठेवून दुसऱ्या दिवशीही बघा. उलट कुणी फ्लश केलं नाही तरी रात्रभर एकसारखे थेंब पडत असतील तर संशय दाबाखालच्या पाण्याच्या लाइनवर घ्या. फक्त आंघोळीनंतर पडत असतील तर नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतली निचऱ्याची जाळी, किंवा फरशीचे सांधे बघायला हवेत. भांडं बदलताना खालचं वॉटरप्रूफिंग फोडलं जातं आणि नव्याने न करताच वर सिमेंटची कड ओढली जाते, हे मी इतक्या फायलींत वाचलंय की तुमचं पत्र वाचतानाच तो सिमेंटचा गोल डोळ्यांसमोर आला.

या पाहणीचा कागद तिथल्या तिथे करा. तारीख, वेळ, काय केलं, काय दिसलं, हजर असलेल्यांच्या सह्या. मोबाइलवर व्हिडिओ घ्या, पण व्हॉट्सॲपवर पाठवून मूळ फाइल उडवू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि तेव्हा मूळ फोन हाताशी असलेला बरा. जमल्यास परवानाधारक अभियंत्याचा दोन पानी अहवाल घ्या. प्लंबरचं तोंडी मत न्यायालयात फार दूर जात नाही.

आता सचिवांचं वाक्य. आपसातला मामला म्हणून संस्थेला हात झटकता येत नाहीत. आदर्श उपविधींप्रमाणे सचिव पूर्वसूचना देऊन कोणत्याही सदस्याच्या फ्लॅटची पाहणी करू शकतात, दुरुस्ती सदस्याच्या खर्चाची असेल तर समिती त्याला मुदत घालून नोटीस देऊ शकते, आणि मुदतीत त्याने ती केली नाही तर संस्था स्वतः करून घेऊन खर्च त्याच्याकडून वसूल करू शकते. तुमच्या संस्थेने कोणते उपविधी स्वीकारलेत ते बघून त्यातल्या क्रमांकासह अर्ज लिहा. अर्जात फक्त ‘गळती थांबवा’ एवढंच लिहू नका. ‘पाहणी करा, नोटीस द्या, न केल्यास स्वतः करून वसूल करा’ अशी तिन्ही पावलं मागा. अर्जाची पोच घ्या. सचिव पोच देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा.

वरच्या मालकांनाही स्वतंत्र नोटीस जाऊ द्या, आणि ती त्यांच्या नावाने, भाडेकरूच्या नव्हे. संस्थेचे सदस्य मालक आहेत. फ्लॅट भाड्याने दिला म्हणून जबाबदारी भाड्याने जात नाही. त्यांचा पत्ता संस्थेच्या नोंदीत असतो. पंधरा दिवसांची मुदत पुरेशी आहे. नोटिशीत तुमचं नुकसान लिहा: गिलावा, रंग, गीझर, वायरिंग. पण बिलं असतील तेवढंच लिहा. मानसिक त्रासाचे पाच लाख लिहिलेल्या नोटिसा समोरचा वकील हसत वाचतो.

उपनिबंधकांकडे काही झालं नाही याचं मला आश्चर्य वाटत नाही. गळतीसह दुरुस्तीचे वाद आदर्श उपविधींनीच सहकार न्यायालयाकडे सोपवले आहेत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली तिथे वाद दाखल करा आणि त्यात वरचे मालक व संस्था दोघांनाही सामनेवाले करा. एकालाच केलं तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवून वेळ काढेल. मूळ वादाला वर्षं लागू शकतात, म्हणून त्यासोबतच कलम ९५ खाली अंतरिम अर्ज द्या: निकाल लागेपर्यंत वाट न बघता दुरुस्तीचा आणि त्यासाठी फ्लॅटमध्ये प्रवेश देण्याचा आदेश मागा. पाहणीचा कागद आणि अभियंत्याचा अहवाल खऱ्या अर्थाने इथे उपयोगी पडतो. संस्था कागदपत्रांच्या प्रती देत नाही अशी तक्रार असेल तर मात्र उपनिबंधकच.

बिल्डरचा विचार सोडा. रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायद्याखाली बांधकामातल्या दोषाची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षांची. तुमची इमारत अठरा वर्षांची, आणि भांडंही बिल्डरने बदललेलं नाही. ग्राहक आयोगात वरच्या शेजाऱ्यांविरुद्ध जाता येत नाही, कारण ते तुम्हाला कोणतीही सेवा विकत नाहीत.

आणि मेंटेनन्स भरून टाका, याच आठवड्यात. राग समजतो, पण हिशेब तुमच्या विरुद्ध जातो. थकबाकीवर उपविधींप्रमाणे वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लागू शकतं आणि संस्थेला सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४ब-२९ खाली वसुलीची वेगळी वाट मोकळी आहे. न्यायालयात तुम्ही गळतीबद्दल बोलायला उभ्या राहाल आणि समोरचे वकील पहिलं वाक्य थकबाकीचं म्हणतील. ‘हक्क राखून’ असं पत्र जोडून भरा.

छताची सळई उघडी पडलेली दिसत असेल तर तेही अर्जात लिहा. छताची संरचनात्मक दुरुस्ती उपविधींत संस्थेने करायच्या कामांच्या यादीत येते. तो खर्च वरच्या मालकांकडून काढायचा की नाही हे संस्थेने ठरवावं, त्यासाठी तुम्ही थांबायची गरज नाही.

नोटीस गेल्यावर मालक फोन उचलतील, बरेचदा तसंच होतं. ते म्हणतील, माणूस पाठवून कमोडच्या कडेला सिलिकॉन मारून देतो. नाही म्हणा. कडा बंद केल्या की पाणी बाहेर न येता आतच साचतं आणि तुमच्याकडे उतरत राहतं. वरची फरशी मात्र छान कोरडी दिसते. कमोड उचलायचा, निचऱ्याच्या तोंडाचा सांधा नव्याने करायचा, वॉटरप्रूफिंग करायचं, पाणी साठवून दोन दिवस खाली थेंब येत नाही हे बघायचं आणि मगच कमोड परत बसवायचा, असं दोन ओळींत लिहून दोघांच्या सह्या घ्या, सचिवांची साक्षीदार म्हणून. तुमचा रंग त्यानंतर, स्लॅब पूर्ण सुकल्यावर, वरच्या मालकांच्या खर्चाने.