माणूस शोधण्याआधी काम बघून या

कारखान्यांना कामगार शोधून देण्याच्या कामात तुम्ही नव्यानेच उतरताय, म्हणून सांगतो. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज किंवा चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतला उद्योजक फोनवर म्हणेल, "दोन सीएनसी ऑपरेटर द्या," म्हणजे संगणकाच्या प्रोग्रामवर चालणारं मशीन चालवणारे. लगेच यादी पाठवू नका. आधी कारखान्यात मशीनपाशी जाऊन उभे राहा. एका ठिकाणी मी तसं केलं नाही. पाठवलेली तिन्ही पोरं आठवड्यात परत गेली. मालकाला खरं तर सेटर हवा होता, म्हणजे टूल बसवून ऑफसेट (टूलच्या मापाचा आकडा मशीनला) देणारा, पहिला पीस मापात काढणारा. पोरांना तयार प्रोग्रामवर जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, लावता-काढता येत होता, एवढंच. त्यात त्यांची काय चूक? आजही वाईट वाटतं.

आयटीआयमध्ये निकालानंतर जाल तर उशीर होतो. तोवर पुण्या-चाकणच्या कंपन्या पोरं घेऊन गेलेल्या असतात. दुसऱ्या वर्षाची परीक्षा व्हायच्या आधीच निदेशकांना, म्हणजे तिथल्या शिकवणाऱ्यांना, भेटा. कुणाचा हात चालतो, ते त्यांना पक्कं ठाऊक असतं.

मालकाला शिकाऊ उमेदवारांचंही सांगा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण माणसांच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात. बरेच जण ते कागदापुरतं करतात. वर्षभर नीट शिकवलं तर तोच पोरगा पुढे टिकतो.

आणि राहण्याचं विचारा. पैठण-गंगापूरचा पोरगा घरून येऊ शकेल. हिंगोली-परभणीच्या पोराचा निम्मा पगार खोलीभाडं आणि मेसमध्येच जातो. पगाराचा आकडा बोलण्याआधी मालकाकडून बस किंवा खोलीची सोय पक्की करून घ्या.