‘वाळेल’ म्हणणाऱ्याच्या हाती पंचा दे

प्रिय मावशी,
आमच्याकडे सहा वर्षांचा लॅब्राडोर आहे, बंड्या. वजन ३२ किलो. तो पाणी प्यायला की स्वयंपाकघरापासून हॉलमधल्या सोफ्यापर्यंत पाण्याची माळ लागते. एप्रिलमध्ये सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि पंधरा दिवसांपूर्वी त्या नेमक्या त्याच पाण्यावरून घसरल्या. ओटा हाताशी होता म्हणून वाचल्या. तेव्हापासून त्या बंड्याचं भांडं उचलून ठेवतात आणि सकाळ-संध्याकाळ दोनदाच, स्वतः समोर उभं राहून पाणी देतात. नवरा म्हणतो, “पाणीच आहे ना, वाळेल.” सासूबाई म्हणतात, “या घरात एक तर तो राहील नाहीतर मी.” मी दिवसभर फडकं घेऊन मागे मागे. त्यात महिन्याभरापूर्वी भात-चिकन बंद करून त्याला पाकिटातलं कोरडं खाणं सुरू केलंय, तेव्हापासून तो पाणीही जास्त पितोय असं वाटतं. मी कोणाची बाजू घेऊ?
– घसरगुंडीवरची सून, डोंबिवली

अगं सूनबाई,

बाजूचं नंतर बघू. आधी ते भांडं खाली ठेव. आजच, हे वाचून झालं की लगेच.

सासूबाईंची भीती शंभर टक्के खरी आहे. ऑपरेशन झालेला गुडघा आणि चकचकीत टाइल्सवरचं पाणी, ते पाणी पाय पडेपर्यंत दिसतसुद्धा नाही. पण त्यांनी काढलेला उपाय उलटा बसतोय. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो गार होतो तो मुख्यतः जीभ बाहेर काढून धापा टाकत, आणि त्या धापांमधून पाणीच उडून जात असतं. अशा जनावराला डोंबिवलीच्या उकाड्यात दोन वेळा मोजून पाणी दिलं, तर भांडं समोर आल्यावर तो त्यावर तुटूनच पडणार. तुटून पडला की जास्त सांडणार, जास्त सांडलं की आई भांडं आणखी लवकर उचलणार. या पंधरा दिवसांत माळ आखूड झाली की लांबली, तूच आठवून बघ.

आणि बंड्या मुद्दाम पसारा करत नाही, हे आईंना नीट समजावून सांग. कुत्र्याला आपल्यासारखे भरीव गाल नसतात, त्यामुळे तोंड लावून पाणी ओढून घेणं त्याला जमतच नाही. तो जीभ मागच्या बाजूला, हनुवटीकडे वळवतो, पाण्यावर आपटतो आणि झटक्यात वर खेचतो. जिभेमागे पाण्याचा एक खांब उभा राहतो, तो पडायच्या आत त्याचा घास घ्यायचा. २०१५ साली अमेरिकेत व्हर्जिनिया टेकच्या संशोधकांनी कुत्री पाणी पिताना चित्रित करून हे सगळं मोजलं होतं. मांजर हाच खेळ अलगद, जिभेचं टोक टेकवून करतं. कुत्रा दाणकन करतो, आणि कुत्रा जितका वजनदार तितका जिभेचा जास्त भाग पाण्यात जातो. बंड्या ३२ किलोचा आहे. भांड्याभोवती उडणारं पाणी हे असं.

पण तुझी तक्रार भांड्याभोवतीच्या पाण्याची नाहीच, सोफ्यापर्यंतच्या माळेची आहे. आज तो पीत असताना शेजारी उकिडवी बसून बघ. शेवटचा घोट पुरता गिळायच्या आतच तो मान वर करून वळतो. लॅब्राडोरच्या वरच्या ओठांच्या लोंबत्या कडांमध्ये चमचा-दोन चमचे पाणी अडकलेलं असतं. ते पावलागणिक टपकत जातं आणि उरलेलं कोणाच्या तरी मांडीवर पुसलं जातं. म्हणजे तुला अडवायचे आहेत ते भांड्यापासूनचे पहिले पाच सेकंद.

त्यासाठी भांड्याजवळच्या खुंटीला एक पंचा टांग. टर्किशचा टॉवेल नको, पावसाळ्यात तो वाळत नाही आणि दोन दिवसांत कुबट वास मारतो. बंड्या प्यायला की ‘थांब’ म्हणायचं, हनुवटीखाली पंचा धरायचा, दोन्ही ओठ टिपायचे आणि मग जेवणातलेच दोन दाणे हातावर द्यायचे. लॅब्राडोर खाण्यासाठी काहीही शिकतो. थोड्या दिवसांत तो पाणी पिऊन आपणहून थोबाड पुढे करून उभा राहील.

भांड्याची जागाही बदल. स्वयंपाकघरातून हॉलकडे जायच्या वाटेवर ते हवंच कशाला? ड्राय बाल्कनी असेल तर तिथे ठेव, दार मात्र दिवसरात्र उघडं राहिलं पाहिजे. जुन्या घरांत मोरी असायची, सांडलेलं आपोआप वाहून जायचं. आपण मोऱ्या काढून टाइल्स बसवल्या आणि आता कुत्र्यांवर चिडतो, असो. भांडं जड आणि पसरट घे, निम्मंच भर, आणि ते पोळ्यांची कणीक मळायच्या जुन्या परातीत ठेव. परातीखाली रबरी चटई. तरंगती चकती असलेली भांडीही मिळतात, चकतीमुळे पाणी थोडं थोडंच वर येतं. हावरट पिणाऱ्यांना ती बरी पडतात. पण आधी परात. ती घरात आहे आणि तिचा दुसराही उपयोग आहे, तोच सांगते.

तू पत्रात जाता जाता लिहिलंस की तो हल्ली जास्त पाणी पितो. मला सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ते वाटलं. कोरड्या खाण्यात पाणी जेमतेम दहा टक्के असतं, तुझ्या भात-चिकनमध्ये कितीतरी जास्त होतं. पूर्वी जे पाणी तो खायचा ते आता पितोय, बहुधा एवढंच असेल. ते दाणे कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवून दे, फरक पडेल. आईंच्या हातून चिवडा-फरसाण जात असेल तर तेही बंद, मिठाने तहान वाढते.

तरीही ‘बहुधा’वर थांबू नकोस, कारण मी थांबले होते. आमची मोती मे महिन्यात भांडंच्या भांडं रिकामं करायला लागली. आम्ही ते उन्हाळ्यावर ढकललं, वर “शहाणी आहे, पाणी पिते” म्हणून कौतुकही केलं. तिच्या गर्भाशयात पू झाला होता. नसबंदी न केलेल्या मादीला माजानंतर काही आठवड्यांनी होतो तसा. रात्री दहाला ऑपरेशन झालं आणि वाचली. बंड्याला तो आजार व्हायचा नाही, पण मधुमेह आणि मूत्रपिंडाचे विकार नरालाही होतात आणि त्यांचीही सुरुवात अशीच, वाढलेल्या तहानेने होऊ शकते. अशा वेळी पाणी तोडणं म्हणजे जिवाशी खेळ.

तेव्हा तीन दिवस मोज. लिटरच्या बाटलीने भांडं भर, भरलेलं लिहून ठेव. दिवसाअखेरी भांड्यात उरलेलं आणि परातीत सांडलेलं वजा कर. साधारण किलोमागे दिवसाला ५० ते ६० मिलिलिटर, म्हणजे बंड्याला दीड ते दोन लिटर. कोरडं खाणं आणि उकाडा यांमुळे थोडं वर गेलं तर घाबरू नकोस. सव्वातीन लिटरच्या पुढे गेलं तर मात्र कागद घेऊन डॉक्टरकडे जा, जमलं तर सकाळची लघवीही स्वच्छ बाटलीत घेऊन. आकडा त्याहून कमी असला, पण तो मलूल वाटला, वजन उतरलं किंवा घरात लघवी करायला लागला, तरीही जा.

आता बाजू. मी आईंची घेते. भांडं उचललं म्हणून नाही, ते चुकलंच. पण तुमच्या घरात त्या पाण्याला धोका म्हणणाऱ्या त्या एकट्याच निघाल्या. “वाळेल” म्हणणाऱ्याने ते पाणी कधी पुसलेलं नसतं, हे मी पत्र उघडायच्या आधीच सांगितलं असतं. बंड्याला घरी कोणी आणलं ते तू लिहिलं नाहीस, मीही विचारत नाही. पण तो पंचा आणि ती परात नवऱ्याच्या नावावर कर. सकाळी कामावर जायच्या आधी भांडं घासून भरणं, रात्री परात रिकामी करणं आणि वाटेवरची फरशी कोरडी करणं ही त्याची कामं. तो घरी असताना तू फडक्याला हात लावायचा नाहीस. पहिले चार दिवस फरशी ओली राहील. तेवढे दिवस आईंना स्वयंपाकघरात एकट्या जाऊ देऊ नकोस, आणि ओल्या फरशीवरून त्यांचा हात धरून न्यायचं कामही त्यालाच दे.

आईंना सांगताना “मावशी म्हणते तुम्ही चुकलात” असं सांगू नकोस. “तुमच्यामुळे लक्षात आलं” म्हण, आणि मोजमापाची वही त्यांच्याकडे दे. नाहीतरी त्या भांड्यावर लक्ष ठेवून असतातच.

पंचा मात्र जुना, विरलेला दे. नवा दिलास तर त्या तो घडी घालून कपाटात ठेवतील.

– मावशी